वचनाचा पत्ता : लीळाचरित्र, सूत्रपाठ आणि एक्सपाथ

लीळाचरित्रातील ज्या थोड्या लीळा आम्ही विद्यार्थ्यांसाठी संगणकावर उतरवून घेतल्या आहेत, त्यांत हिराइसांच्या नावाचा एकही पाठभेद नाही, असे विधान आम्ही एम. ए.च्या वर्गात एकदा केले. विधान पुराव्यानिशी केले होते. संगणकाला प्रश्न विचारला होता आणि त्याने रिकामे उत्तर दिले होते. तरीही ते साफ चुकीचे होते. आमच्यापैकी एक जण अमरावतीला शिकवतो, दुसरा अकोल्याला. निम्म्या लीळा इथे टंकित झाल्या, निम्म्या तिथे, आणि दोन्ही भाग बडनेरा-मूर्तिजापूर-अकोला या गाडीमार्गाने, खिशातल्या पेनड्राइव्हमधून एकत्र आले. अमरावतीकराने 'हीराइसा' असे दीर्घ लिहिले होते, अकोलेकराने प्रश्न विचारताना 'हिराइसा' असे ऱ्हस्व लिहिले. त्यांचे पाठभेद नेमके अमरावतीच्या भागात होते. एका वेलांटीने एक बाई ग्रंथातून नाहीशी झाली, आणि तिला नाहीशी करणारे आम्ही प्राचीन मराठीचे अध्यापक.

ही चूक टंकलेखनाची म्हणून सोडून देता आली असती. पण जिच्या बाबतीत ती घडली, त्या बाईचे नाव हा लीळाचरित्राच्या इतिहासातला नाजूक धागा आहे. म्हणून हा प्रपंच.

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले गाव. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांचा शिष्यपरिवार इथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला, आणि तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात म्हाइंभटांनी इथेच लीळांची जुळवाजुळव केली. गावातल्या वाजेश्वरीचे नाव परंपरा या लेखनाशी जोडते. म्हाइंभटांची पद्धत आजच्या संशोधकालाही लाजवील अशी होती. ज्याने प्रसंग पाहिला किंवा ऐकला त्याच्याकडे जाऊन तो विचारायचा, आणि मिळालेली लीळा नागदेवाचार्यांच्या कसोटीवर घासून घ्यायची. आठवण कोणाची, हे या ग्रंथात पहिल्यापासून आठवणीइतकेच मोलाचे मानले गेले. पुढे खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. त्या पुनर्लेखनात हिराइसांच्या पाठाचे स्थान फार वरचे आहे. केसोबासांनी संस्कृतात लिहू नये, लिहिल्यास म्हाताऱ्या बायका वंचित होतील, असे नागदेवाचार्यांनी बजावल्याची हकिकत आपण दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. ज्या पंथात बायकांसाठी मराठीचा आग्रह धरला गेला, त्याच पंथातल्या एका बाईच्या स्मरणाने मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ तरला, हे सांगायचे मात्र राहून जाते.

पोथ्या पुन्हा लिहिल्या गेल्या तेव्हा एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी तंतोतंत जुळणे शक्यच नव्हते. अशा वेळी लेखनिकांनी जे केले ते विलक्षण आहे. एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले असते तर ग्रंथ सुबक झाला असता. त्यांनी तसे केले नाही. भेद मजकुरातच ठेवले आणि प्रत्येकाला खूण लावली : हा हिराइसांचा पाठ, ही अमक्याची वासना, ही 'एकी वासना', म्हणजे कोणा एकांचे म्हणणे, आणि हा 'शोधु', म्हणजे चौकशीअंती कळलेले. 'वासना' या शब्दाला आजच्या मराठीत जो वास चिकटला आहे तो विद्यार्थ्यांच्या मनातून काढायला एक तास जातो. इथे तिचा अर्थ मनात मागे राहिलेला ठसा, म्हणून आठवण, म्हणून पाठभेद. ही खूण लीळेचा भाग नव्हे. चक्रधर काय बोलले ते ती सांगत नाही, ते कोणाच्या आठवणीतून आपल्यापर्यंत आले ते सांगते. मजकुराला लगटून असलेली, पण मजकूर नसलेली अशी ती गोष्ट आहे.

संगणकाच्या परिभाषेत अशा गोष्टीला नाव आहे, आणि ते नाव कळले तेव्हाच आम्हाला पोथ्यांतली ही शिस्त नीट उमगली, हे कबूल केले पाहिजे. एक्सएमएल या पद्धतीत मजकूर लिहिताना त्याच्या भागांना कोनदार कंसात नावे देतात. हे भाग म्हणजे घटक. एका घटकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा, असे झाड तयार होते : ग्रंथाच्या पोटात खंड, खंडाच्या पोटात लीळा, लीळेच्या पोटात पाठ. घटकाच्या नावाशेजारीच त्याची आणखी माहिती टिपून ठेवता येते, जसे लीळेचा क्रमांक, तिचे स्थळ, पाठाची साक्ष. हे गुणधर्म. नावे रोमी लिपीतच हवीत असे नाही. एक्सएमएल देवनागरी नावे स्वीकारते, आणि आमच्या फाइलीत ती देवनागरीच आहेत.

या झाडातून हवे ते काढायचे तर त्याची वाट सांगावी लागते. वाट सांगण्याच्या भाषेला एक्सपाथ म्हणतात. ('सूत्रपाठ', 'दृष्टान्तपाठ' यांच्या पंगतीतला हाही एखादा महानुभावी ग्रंथ असावा, असे आमच्या एका विद्यार्थिनीला वाटले होते. तो पाथ, हा पाठ. पण तिचा समज अगदीच वाया जाणारा नव्हता, हे पुढे दिसेल.) हिराइसांविषयीचा आमचा प्रश्न असा होता :

//लीळा[पाठ/@साक्ष='हिराइसा']/@क्रमांक

दोन तिरप्या रेघा म्हणजे झाडात कितीही खोल असो. चौकोनी कंस म्हणजे अट. एक तिरपी रेघ म्हणजे एक पायरी खाली. आणि @ ही खूण म्हणजे 'घटक नको, गुणधर्म हवा'. सगळे मिळून वाचायचे ते असे : ज्या लीळांच्या पोटात हिराइसांच्या साक्षीचा पाठ आहे, त्या सर्व लीळांचे क्रमांक द्या.

एक्सपाथच्या नियमांत एक वाक्य आहे, ज्याने आम्ही थबकलो. घटक हा आपल्या गुणधर्माचा जनक असतो, परंतु गुणधर्म हे त्या घटकाचे अपत्य नसते. नातेसंबंधाच्या दृष्टीने हे विचित्र वाटते, पण व्यवहारात त्याचा अर्थ सरळ आहे. झाडावरून पायरी पायरीने खाली उतरत गेलात तर घटक भेटतील, मजकूर भेटेल, गुणधर्म कधीच भेटणार नाही. तो @ लावून मुद्दाम मागावा लागतो. लीळाचरित्र आपण वर्गात वाचतो तेही असेच. लीळा वाचून होते, प्रसंग रंगतो, तास संपतो, आणि साक्ष कोणाची हे कोणी विचारल्याशिवाय समोर येत नाही.

हे सारे साहित्याच्या माणसांना परके वाटावे असे नाही, कारण त्याची कुळी साहित्याचीच आहे. १९८७ साली न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे ग्रंथसंपादक, भाषाभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि जुने ग्रंथ संगणकावर कसे नोंदवावेत, पाठभेद कसे दाखवावेत याचे नियम करायला त्यांनी सुरुवात केली. त्यातून 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' हा उपक्रम उभा राहिला. त्याचे एक संपादक मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन हे मूळचे साहित्याचे अभ्यासक. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल प्रमाण म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्याच्या तीन संपादकांत त्यांचे नाव होते. ग्रंथातल्या नेमक्या जागेकडे बोट दाखवण्याची जी पद्धत या उपक्रमाने बसवली होती, तिचे संस्कार घेऊन १६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सपाथ आले. म्हणजे पाठभेदांची चिंता करणाऱ्यांचे ऋण या भाषेवर आहे. आपण ते वसूल करायला उशीर केला, इतकेच.

आता त्या विद्यार्थिनीच्या समजाकडे येऊ. सूत्रपाठ म्हणजे काय? केसोबासांनी लीळाचरित्रातून चक्रधरांची वचने तेवढी वेचून काढली आणि ती प्रकरणवार लावली. गावाची नावे, भेटीला आलेली माणसे, जेवणखाण, प्रवास, हा कथाभाग त्यांनी बाजूला ठेवला. वक्ता चक्रधर असलेली सर्व वचने द्या, ही अट लावून सबंध ग्रंथातून केलेली ती निवड होती. एक्सपाथच्या भाषेत ती एका ओळीत बसेल. केसोबासांना तिच्यासाठी सगळा ग्रंथ जिभेवर असावा लागला. दृष्टान्तपाठात त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यातल्या ११४ दृष्टान्तांची रचना सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी तीन पदरी आहे. पहिली दोन अंगे चक्रधरांची, तिसरे केसोबासांचे स्वतःचे. आपले वाक्य गुरूच्या वाक्यात मिसळू न देता वेगळ्या नावाखाली ठेवण्याचे हे भान आजच्या किती प्रबंधांत आढळते, हा प्रश्न आम्ही परीक्षक म्हणून अनेकदा मनातल्या मनात विचारला आहे. असो.

पण वेचण्याने काहीतरी तुटतेच. सूत्र हाती आले, त्याचा प्रसंग मागे राहिला. हेच वचन स्वामी कोणाला म्हणाले? रागावून की समजावून? एखाद्या भिक्षुणीच्या शंकेला दिलेले उत्तर आणि सर्वांसाठी घालून दिलेला नियम, ही दोन्ही सूत्रपाठात शेजारी शेजारी येऊन सारखीच दिसू लागतात. पंथाला ही उणीव जाणवली, आणि तिच्यासाठी त्याने एक वेगळा ग्रंथप्रकार घडवला : प्रकरणवश. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले गेले, ते सांगणे हे त्याचे काम. वचनाला त्याचा पत्ता परत देणे, असे आम्ही त्याला म्हणू. वाङ्मयेतिहासात या ग्रंथांची बोळवण 'टीकावाङ्मय' या एका शब्दात होते. आमच्या मते हा अन्याय आहे. टीका अर्थ सांगते, प्रकरणवश वाट सांगते. वाट ठाऊक असेल तर अर्थ ज्याचा त्याला पडताळून पाहता येतो.

मुनिव्यासांच्या नावाने ओळखली जाणारी स्थानपोथी हीही याच जातीची. चक्रधर कोठे उतरले, ते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोणीकडे, अमुक जागेपासून तमुक जागा कोणत्या बाजूला, एवढेच ती सांगत जाते. साहित्य म्हणून तिच्यात काही नाही, असे आम्ही विद्यार्थिदशेत ऐकले आणि अध्यापक झाल्यावर काही वर्षे सांगितलेही. ती गुणधर्मांची पोथी आहे, हे ध्यानात आल्यावर तिची कोरडी वाक्ये वेगळी वाटू लागली. स्थळ हा घटक. दिशा, दार, अंतर हे त्याचे गुणधर्म. शेकडो वर्षांनी येणाऱ्या यात्रेकरूला नेमक्या ओट्यावर डोके टेकता यावे, यासाठी हा खटाटोप होता. तिथे शब्दसौंदर्य शोधणाऱ्याची निराशा व्हायचीच.

मधल्या शतकांत या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली शोधली, आणि मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांनी ग्रंथ पुढे आणले. नेन्यांचे लीळाचरित्र १९३० च्या दशकातले, तुळपुळ्यांचे १९६० च्या दशकातले, कोलत्यांचे १९७८ चे. या मंडळींचे उपकार न फिटणारे आहेत. पण छपाईबरोबर एक नवी अडचण आली, ती आम्हाला संगणकापुढे बसल्यावरच पुरती कळली. आवृत्तीआवृत्तीत लीळांचे क्रमांक जुळत नाहीत. एका संपादकाने दोन लीळा धरल्या तिथे दुसऱ्याने एक धरली, आणि तिथून पुढची सारी मोजणी सरकली. 'पूर्वार्ध, लीळा अमुक' एवढाच संदर्भ देणारा प्रबंध आपण तपासतो, तेव्हा तो कोणत्या आवृत्तीचा हे न लिहिल्याने तासभर पाने उलटावी लागतात.

एक्सपाथमध्ये हाच पेच उघडा दिसतो. लीळेपुढे चौकोनी कंसात नुसता बाराचा आकडा घातला तर खंडातली बारावी लीळा मिळते. (मोजणी एकापासून होते, शून्यापासून नव्हे. संगणकवाल्यांच्या जगात हा दिलासाच.) मध्ये एखादी लीळा घातली की तोच आकडा दुसऱ्याच लीळेकडे बोट दाखवू लागतो. म्हणून जागा मोजून केलेला संदर्भ कच्चा, आणि गुणधर्माने केलेला पक्का. आम्ही प्रत्येक लीळेला आवृत्तिनिहाय वेगवेगळे क्रमांक गुणधर्म म्हणून लावले. जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस कोश १९९९ साली निघाला, त्याच वर्षी एक्सपाथही आले. हा योगायोग आहे. पण शब्दाच्या अर्थाबरोबर तो ज्या ग्रंथात आला त्याचे नाव देणारा कोश आणि मजकुराकडे नेणारी वाट सांगणारी भाषा यांच्यामागची काळजी एकच आहे, असे आम्हाला वाटते.

क्रमांकांनीही आम्हाला हिसका दाखवला. ते आम्ही अर्थातच देवनागरी अंकांत लिहिले होते. क्रमांक वीसच्या पुढच्या लीळा द्या, असे विचारले तर पुन्हा रिकामे उत्तर. एक्सपाथला संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंक कळतात. आपले '२१' हे त्याच्या लेखी अक्षर आहे, त्याची संख्या करायला गेल्यास 'ही संख्या नव्हे' असे तो मनाशी ठरवतो आणि तुलना खोटी मानतो. चूक झाली, असे सांगत नाही. गप्प राहतो. अखेर इंग्रजी अंकांचा एक गुणधर्म जोडावा लागला. देवनागरी अंक दाखवण्यापुरते उरले, याचे वाईट वाटले.

त्याहून मोठा धक्का आमच्या प्रदेशाच्या नावाने दिला. 'वऱ्हाड' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात त्या डोक्यावर वळलेल्या र साठी वेगळे अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. आमच्यापैकी एक जण इन्स्क्रिप्ट कळपाटावर लिहितो, दुसरा उच्चारानुसारी. परिणामी अमरावतीचा वऱ्हाड अकोल्याच्या वऱ्हाडाला ओळखेना. 'रिद्धपूर' आणि 'ऋद्धिपूर', 'म्हाइंभट' आणि 'महिंभट' यांचा फरक निदान डोळ्यांना दिसतो. हा डोळ्यांनाही दिसत नव्हता.

आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पोथ्यांची छायाचित्रे घेण्याचे, ग्रंथ संगणकावर आणण्याचे बोलणे आता वारंवार कानी पडते. छायाचित्र घ्यावेच, कागद कुजतो आहे. पण छायाचित्राला प्रश्न विचारता येत नाही, आणि नुसत्या टंकित मजकुराला विचारता आला तरी तो शब्दापुरताच. 'हिराइसा' हा शब्द शोधला तर त्यांची आठवण सांगणारा पाठभेदही सापडेल आणि त्यांचे नाव सहज आलेला मजकूरही. साक्षीदार म्हणून त्या कोठे उभ्या आहेत, हे कळायला कोणीतरी पोथी वाचून, तिथे थांबून, ती खूण गुणधर्म म्हणून लावली पाहिजे. हे काम महाविद्यालयातल्या मराठी विभागांचे आहे. संगणक विभागातल्या ज्या विद्यार्थ्याने आम्हाला पहिली प्रश्नपंक्ती लिहून दिली त्याला 'शोधु' म्हणजे काय ते माहीत नव्हते, आणि ते माहीत असण्याचे कारणही नव्हते.

आमच्या फाइलीत आता साक्षीदारांच्या नावांची एक स्वतंत्र यादी आहे. प्रत्येकाला एकच प्रमाण रूप दिले आहे, पोथीतले रूप त्याच्या शेजारी जसेच्या तसे ठेवले आहे, आणि प्रश्न प्रमाण रूपाला विचारायचा असे ठरले आहे. प्रमाण रूप ऱ्हस्व असावे की दीर्घ, यावर एक रविवार गेला आणि अकोला जिंकले. पुढच्या तासाला आम्ही वर्गात जुने विधान मागे घेतले.

एक वाद मात्र मिटलेला नाही. 'एकी वासना' अशी खूण जिथे आहे तिथे साक्ष या गुणधर्मात काय लिहायचे? अमरावतीचे म्हणणे, गुणधर्म असावा पण रिकामा असावा, कारण लेखनिकाला कोणीतरी सांगितले होते, फक्त नाव उरले नव्हते. अकोल्याचे म्हणणे, 'एकी' हेच मूल्य लिहावे, कारण पोथीने तेच लिहिले आहे आणि नाव नसणे हीसुद्धा त्याने दिलेली माहिती आहे. तिसरा मार्ग, म्हणजे गुणधर्मच न लावणे, दोघांनाही मान्य नाही. एक्सपाथच्या लेखी रिकामा गुणधर्म आणि नसलेला गुणधर्म या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पोथी लिहिणाऱ्यालाही त्या निराळ्या वाटल्या असाव्यात, नाहीतर 'एकी' हा शब्द लिहिण्याचे कष्ट त्याने घेतले नसते. तोवर त्या जागी आम्ही प्रश्नचिन्ह घालून ठेवले आहे.